मोठ्या कुत्र्याच्या क्रेटमधला ट्रे पुन्हा पुन्हा का तुटतो?

प्रश्न : आमचा ग्रेट डेन तीन वर्षांचा आहे, वजन ७२ किलो. त्याच्यासाठी ५४ इंची, घडीचा, तारेचा क्रेट (झोपायचा पिंजरा) घेतला आहे. दार दिवसभर उघडंच असतं आणि रात्री तो आपणहून आत जाऊन झोपतो. अडचण आहे ती तळाच्या प्लॅस्टिकच्या ट्रेची. दीड वर्षात दोन ट्रे तुटले. दोन्ही वेळा तडा दारापासून साधारण हातभर आत सुरू झाला आणि वाढत वाढत कडेपर्यंत गेला. झोपण्याआधी तो गोल फिरतो, थोडं उकरतो. सध्याचा ट्रे खालून-वरून चिकटपट्टी लावून चालवतो आहोत. ओळखीचे लोक म्हणतात, स्टीलचा करून घ्या म्हणजे कटकट मिटेल. घ्यावा का? दोन महिन्यांनी मॅस्टिफचं पिल्लूही येणार आहे, त्यामुळे जे करायचं ते एकदाच नीट करावं म्हणतो.

उत्तर : आधी आजचं काम सांगतो. तो चिकटपट्टीचा ट्रे आजच काढा. तड्याच्या दोन्ही बाजू वजन पडलं की फाकतात आणि वजन उचललं की मिटतात. मिटताना त्यात केस, बोटांमधली कातडी किंवा नखाचं टोक सापडतं. अंगठ्यासारखं वर असलेलं नख तिथे अडकून मुळातून उपटलं जाऊ शकतं, आणि ती जखम फार दुखरी असते. चिकटपट्टीची सुटलेली कड कुत्रा दातांनी ओढतो, ती पोटात जाते, आणि जी जागेवर राहते ती लघवी शोषून वास मारते. नवी व्यवस्था होईपर्यंत त्याची गादी क्रेटच्या बाहेर घाला. तो दार उघडं ठेवून झोपणारा आहे, त्यामुळे चार दिवस बाहेर झोपल्याने त्याची सवय मोडणार नाही.

आता मूळ प्रश्न. स्टीलचा ट्रे करून घेतलात तर तडा जाणार नाही हे खरं, पण तुमची कटकट मिटणारही नाही. कारण दोष ट्रेपेक्षा ट्रेखालच्या पोकळीत आहे. पोकळी तशीच ठेवली तर प्लॅस्टिक तडकतं आणि पत्र्याला झोळ पडतो.

क्रेटचा तळ बाजूने डोळ्याच्या रेषेत आणून बघा. जाड आडव्या तारा, त्यांच्यावर डाग देऊन बसवलेल्या बारीक उभ्या तारा, आणि ही सगळी जाळी जमिनीपासून थोडी वर. म्हणजे ट्रे जमिनीवर टेकलेलाच नाही. तो तारांवर टेकलाय, आणि दोन तारांच्या मधे अधांतरी आहे. त्यात तारा एकमेकींवरून गेल्यामुळे जाळी सपाट नसते. ट्रे काही तारांना टेकतो, काहींना टेकतच नाही. शिवाय वजन पडलं की जाळी स्वतःही खाली लवते.

७२ किलोचा कुत्रा नुसता उभा असतो तेव्हा सुमारे ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. म्हणजे एका पंजाखाली २१-२२ किलो. वळताना किंवा उठताना क्षणभर एकाच पायावर भार येतो, तेव्हा हा आकडा सहज दुप्पट होतो. हे सगळं तळहाताएवढ्या जागेवर. कुत्रे बहुधा दाराकडे तोंड करून झोपतात आणि उठताना पुढचे पाय रोवून छाती वर घेतात. त्यामुळे रोज, अनेकदा, त्याच त्या दोन जागांवर हा दाब पडतो. तुमचा तडा दारापासून हातभर आतच का सुरू होतो याचं उत्तर हे आहे. ट्रे एका फटक्यात तुटलेला नाही. हजारो वेळा लवून थकला आणि मग तुटला.

इथे एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. दोन आधारांमधलं अंतर निम्मं केलं तर त्याच वजनाखाली शीट जेवढी लवत होती त्याच्या साधारण एक-अष्टमांशच लवते. जाडी दुप्पट केली तरी तेवढाच फरक पडतो. म्हणजे २ मिमीच्या ट्रेऐवजी ४ मिमीचा महागडा ट्रे आणून जे साधतं, तेच आधार जवळ आणूनही साधतं. आणि आधार सलग केला तर लवायला जागाच उरत नाही. म्हणून खर्च आणि मेहनत आधी ट्रेच्या खाली घाला.

खात्री करायची असेल तर रिकामा ट्रे क्रेटमध्ये ठेवा आणि तारांच्या मधोमध मुठीने दाबत दाबत पुढून मागे जा. जिथे ट्रे दबून परत वर येतो, किंवा ‘टक’ असा आवाज करतो, तिथे पोकळी आहे. खडूने खुणा करा. तडा गेलेली जागा या खुणांमध्ये सापडेल.

पहिला आधार जाळी आणि जमीन यांच्या मधे द्यायचा. क्रेट रिकामा करून समपातळी फरशीवर ठेवा आणि जाळीच्या खालच्या तारेपासून जमिनीपर्यंतचं अंतर सहा-सात ठिकाणी मोजा. चार कोपरे, मध्य, आणि दाराजवळची ती जागा. यातलं सर्वांत कमी माप धरायचं. ते १२ मिमी आलं तर ९ मिमी प्लायवूड आणि त्याखाली ३ मिमी रबराची मॅट बसते. ८ मिमी आलं तर ५-६ मिमीचा प्लाय आणि २ मिमीचं रबर. हा थर अंतरापेक्षा जाड होऊ देऊ नका. जाड झाला की क्रेट पायांवरून उचलला जातो, चौकट पिळवटते, आणि एक दिवस दाराची कडी खाचेत बसेनाशी होते. एखादा मिलिमीटर कमी राहिला तर बिघडत नाही. जाळी तेवढी लवते आणि प्लायवर टेकते.

प्लाय पाणी सहन करणारा घ्या. चारही कडांना आणि दोन्ही अंगांना पॉलियुरेथेन वार्निशचे तीन हात द्या. कडांकडे जास्त लक्ष हवं, कारण ओल तिथूनच आत शिरते आणि थर सुटून प्लाय फुगतो. वार्निशचा वास पूर्ण गेल्याशिवाय क्रेटखाली घालू नका. डब्यावर लिहिलेल्या सुकण्याच्या वेळेपेक्षा दोन-तीन दिवस जास्तच द्या. पांढरा थर्मोकोल वापरायचा मोह होतो, कारण तो हलका असतो आणि कापायला सोपा. पण तारा त्यात रुतत जातात, त्याचे मणी सुटतात आणि महिन्याभरात पुन्हा पोकळी तयार होते. व्यायामशाळेत अंथरतात तशी दाट रबराची टाइल चालते, आणि तिची जाडी जुळली तर प्लायची गरजच नाही.

दुसरा आधार जाळी आणि ट्रेच्या मधे. तारांचे उंचवटे झाकून सपाट पृष्ठभाग मिळावा एवढंच याचं काम. ४ ते ५ मिमीची पोकळ पन्हाळीची पॉलिप्रॉपिलीन शीट, म्हणजे ज्यावर जाहिरातींचे फलक छापतात ती, इथे उत्तम. हलकी असते, पाणी शोषत नाही, साध्या कटरने कापता येते. तिच्या पन्हाळी तारांना काटकोनात येतील अशी घाला. तारांना समांतर घातली तर तारांच्या मधल्या जागेत ती दुमडते. ३ मिमीची कडक रबर मॅटही चालेल. टॉवेल, सतरंजी, गालिचाचा तुकडा मात्र नको. ट्रेच्या कडेवरून ओघळलेली लघवी त्यात मुरते आणि तुम्हाला दिसतही नाही.

ट्रेच्या खाली मऊ फोम घालू नका. ऐकायला बरं वाटतं, पण फोम दबतो, ट्रे त्याच्याबरोबर लवतो आणि होता त्यापेक्षा लवकर तुटतो. ट्रेखाली कडक, ट्रेवर मऊ, हा क्रम उलटा करायचा नाही.

दुसरा थर घालण्याआधी दाराखालच्या फटीची उंची मोजा. ट्रे ज्या फटीतून बाहेर सरकतो ती काही क्रेटमध्ये ट्रेच्या काठापेक्षा जेमतेम मोठी असते. ट्रे ५ मिमी वर आला आणि काठ दाराच्या खालच्या तारेला घासू लागला, तर दर वेळी दार उघडून ट्रे वरून काढावा लागेल. फट अपुरी असेल तर वरचा थर २-३ मिमीचा ठेवा आणि जमिनीकडचा आधार जास्त चोख करा.

आता ट्रेकडे वळू. क्रेटबरोबर येणारे ट्रे बहुधा एबीएस, पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचे, तापवून साच्यावर ओढलेले असतात. ओढताना कोपऱ्यांत आणि काठाच्या वळणावर प्लॅस्टिक पातळ होतं, म्हणून मधला भाग सांभाळला की पुढचा तडा तिथे दिसतो. पॉलिप्रॉपिलीन शून्य अंशाच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं. थंड व्हरांड्यात ठेवलेला ट्रे सकाळच्या पहिल्या उडीत फुटतो तो यामुळे. उन्हात वाळवत ठेवलेला कोणताही साधा ट्रे हळूहळू पांढुरका आणि कडकडीत होत जातो. धुतलात की सावलीत उभा करून वाळवा.

तुमच्या डेनसाठी आम्ही सुचवू ती जोडी अशी : खाली नेहमीचा काठवाला ट्रे, आणि त्याच्या आत बरोबर बसेल अशी ६ मिमी जाडीची एचडीपीईची सपाट शीट. भाजी कापायचे पांढरे जाड फलक असतात तेच हे प्लॅस्टिक. चिवट असतं, कडाक्याच्या थंडीतही ठिसूळ होत नाही, लघवी शोषत नाही, आणि नखांचे ओरखडे पडले तरी त्यांचे तडे होत नाहीत. वजन एका जागी पडलं तरी शीट ते चार-पाच तारांवर वाटून देते. खालच्या ट्रेला मग पाणी अडवण्यापलीकडे काम उरत नाही. ५४ इंची क्रेटचा तळ साधारण १३७ बाय ९४ सेंमी असतो. एवढी ६ मिमी शीट सव्वासात किलोच्या आसपास भरते, म्हणजे धुण्यासाठी एकट्याने उचलता येते. १० मिमीची १२ किलोवर जाते. ती घेण्याची गरज फक्त खालचा आधार देणं शक्यच नसेल तर.

माप घेताना ट्रेचा आतला तळ मोजा, काठावरचं माप नको, कारण काठ वर पसरट होत जातो. मग दर बाजूने ४ ते ५ मिमी कमी करून कापा. हे अंतर सोडायलाच हवं. एचडीपीई उन्हाळ्यात वाढतं. सव्वा-दीड मीटर लांबीला २० अंशांच्या फरकाने ४ मिमी सहज. घट्ट बसवलेली शीट उकाड्यात मधे फुगते, पाऊल पडलं की ‘टप’ करून खाली बसते, आणि कुत्रा त्या आवाजावर उकरायला लागतो किंवा आत जायलाच कचरतो.

कापायला जिगसॉ (विजेवर चालणारी हातातली करवत) घ्या, मोठ्या दातांचं पातं लावा आणि वेग कमी ठेवा. वेगाने कापलं तर प्लॅस्टिक वितळून पात्यामागे पुन्हा चिकटतं. चारही कोपरे २५ मिमी त्रिज्येने गोल करा. एका वाटीची कड टेकवून रेघ मारली तरी पुरे. वरची धार कानशीने मोडा आणि मग पॉलिश पेपर फिरवा. शेवटी बोटाने नाही, जुन्या नायलॉनच्या मोज्याने सगळी कड पुसून बघा. मोजा जिथे अडकेल तिथे कूस राहिली आहे. गुळगुळीत शीटवर मोठ्या कुत्र्याचे मागचे पाय फाकतात, आणि या जातींच्या कंबरेच्या नि गुडघ्याच्या सांध्यांना तसं घसरणं परवडत नाही. एका बाजूला खडबडीत पोत असलेली शीट मिळते, ती घ्या, किंवा वर पूर्ण तळाची गादी ठेवा.

ॲक्रिलिकची शीट कोणी सुचवली तर नको म्हणा. ती टोकदार तुकड्यांत फुटते. पॉलिकार्बोनेट आघाताला दणकट आहे, पण अमोनिया त्याला मानवत नाही, आणि शिळ्या लघवीत अमोनियाच असतो.

स्टीलबद्दल विचारलंत म्हणून तेही सविस्तर. धातूचा ट्रे खरा उपयोगी पडतो तो चावणाऱ्या कुत्र्यासाठी. तुमचा चावत नाही, तेव्हा त्याच्यासाठी आम्ही तो घेणार नाही. तरी घ्यायचा ठरला तर स्टेनलेस १.२ मिमीच्या खाली नको. तुमच्या मापाला काठ सोडून सुमारे १२ किलो भरेल. २ मिमी ॲल्युमिनियम ७ किलोत होतं, पण ओरखडे पडतात आणि साठलेल्या लघवीने डाग धरतं. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा स्वस्त असतो. मात्र जिथे कापला किंवा डाग दिला तिथला मुलामा निघालेला किंवा जळालेला असतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. पत्रेकामवाल्याला तीन गोष्टी सांगा : काठ २५ मिमी उंच आणि वरची कड आत न ठेवता बाहेरच्या बाजूला पूर्ण दुमडलेली, कोपरे डाग देऊन घासलेले, नुसते घडी मारून सोडलेले नकोत, आणि तळाखाली ३ मिमी रबर चिकटवलेलं. रबर नसेल तर पत्रा ढोलासारखा वाजतो. रात्री कूस बदलल्यावर होणारा तो आवाज कित्येक कुत्र्यांना क्रेटपासून तोडतो. आणि खालचा आधार इथेही लागतोच. नाहीतर पत्र्याला मधे खळगा पडतो, त्यात पाणी साठतं आणि गादी खालून ओली राहते.

झोपण्याआधी गोल फिरणं, दोन-चार वेळा उकरणं हे अगदी स्वाभाविक आहे. ते बंद करायला जाऊ नका. नखं मात्र आखूड ठेवा. उभा असताना नखं जमिनीला टेकत नसतील तर ट्रेवर पडणारे ओरखडे बरेच कमी होतात. उकरताना ट्रे पुढेमागे सरकत असेल तर तो काठावर आपटून कोपऱ्यात फुटतो. बऱ्याच क्रेटला दाराखाली ट्रे अडवणारी लहान कडी असते. ती वाकली आहे का बघा, पक्कडीने सरळ करा. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी ट्रे बांधू नका, त्या चावल्या जातात. बोल्टच मारायचा असेल तर भोक बोल्टपेक्षा २ मिमी मोठं, कडेपासून भोकाच्या व्यासाच्या किमान तिप्पट अंतरावर, दोन्हीकडे रुंद वॉशर, आणि नट क्रेटच्या बाहेरच्या अंगाला. भोक घट्ट ठेवलं की ट्रे प्रसरण पावताना पहिली चीर त्या भोकापासूनच निघते.

एक गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण तिथे कोणताही ट्रे उपयोगाचा नाही. दार बंद केल्यावर कुत्रा लाळ गाळत, धापा टाकत उकरत असेल, तारा वाकवत असेल, नखं किंवा दात तुटत असतील, तर तो घाबरलेला आहे. त्या कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडणं थांबवा आणि पशुवैद्याशी बोला. तुमच्या पत्रात असं काही दिसत नाही, पण नवं पिल्लू आल्यावर थोरल्याच्या वागण्यात बदल होऊ शकतो, म्हणून लक्ष ठेवा.

गादी ट्रेसाठीही हवी आणि कोपरांसाठीही. वजनदार कुत्रा कडक तळावर धपकन बसतो, तेव्हा कोपराच्या हाडावर मार बसून तिथे पाण्याची मऊ गाठ धरते. मोठ्या जातींमध्ये हे नेहमी दिसतं. ८ ते १० सेंमी जाडीचा दाट फोम, तळाच्या पूर्ण मापाचा, वर चेन असलेलं जलरोधक कव्हर. फोम पुरेसा दाट आहे का हे कळायला त्यावर गुडघा टेकून सगळा भार द्या. गुडघ्याला खालची शीट लागली तर तुमच्या डेनचं कोपरही तिथे पोहोचणार. लहान गादी मधोमध ठेवण्यात अर्थ नाही. तो तिच्या कडेवरून उतरतो आणि सगळं वजन कडेलगतच्या एका पट्ट्यावर येतं.

धुण्यात बरेच ट्रे वाया जातात. एबीएस आणि पॉलिस्टायरीनला पाइन तेलाचे, संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलाचे आणि अल्कोहोलचे क्लीनर बाधतात. ताण पडलेल्या जागी बारीक केसांसारख्या चिरा येतात आणि आठवड्याभराने ट्रे तिथेच तुटतो. रोजच्यासाठी कोमट पाणी आणि भांड्याचा सौम्य साबण पुरे. वास राहिला तर एन्झाइमचा क्लीनर. अमोनियाचा क्लीनर नको, त्याचा वास कुत्र्याला लघवीसारखा येतो. आजारपणानंतर निर्जंतुक करायचं असेल तर ट्रे आधी साबणाने धुऊन लघवीचा अंश घालवा, मग १ लिटर पाण्यात ३० मिली घरगुती ब्लीच घालून १० मिनिटं ओला ठेवा आणि भरपूर पाण्याने खळखळून धुवा. लघवीवर थेट ब्लीच ओतलं तर घातक वायू तयार होतो. स्टेनलेसवर ब्लीच साठू देऊ नका, बारीक खड्डे पडतात. उकळतं पाणी कोणत्याच प्लॅस्टिकवर नको. ट्रे वेडावाकडा होतो आणि मग चार कोपरे कधीच एकाच वेळी टेकत नाहीत.

महिन्यातून एकदा ट्रे बाहेर काढून उजेडासमोर धरा. तडा जाण्याआधी प्लॅस्टिक सांगतं : लवणाऱ्या जागी आधी दुधाळ पांढऱ्या रेघा उमटतात, बहुतेकदा तारांच्या ठशांना समांतर. अशी रेघ दिसली म्हणजे खाली आधार सरकला आहे. तो नीट करा, ट्रे अजून वाचतो. ट्रेची घडण दोन्हीकडून सारखी असेल तर तीन महिन्यांनी पुढची बाजू मागे करा, म्हणजे पुढच्या पंजांचा मार नव्या जागी पडतो. वरची एचडीपीई शीटही तशीच फिरवत राहा.

तुटलेला ट्रे दुरुस्त करण्यावर वेळ घालवू नका, निदान या वजनासाठी तरी. एबीएस त्याच्या सॉल्व्हंट गोंदाने जुळतं. एचडीपीई आणि पॉलिप्रॉपिलीनला साधा गोंद धरतच नाही, त्याच जातीच्या प्लॅस्टिकची कांडी वितळवून वेल्ड करावी लागते. ट्रे कशाचा आहे हे ओळखायला तळावरच्या त्रिकोणातला आकडा बघा : २ म्हणजे एचडीपीई, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन. आकडा नसेल तर तुटका तुकडा पाण्यात टाका. तरंगला तर बहुधा २ किंवा ५. तडा काठाजवळ असेल, जिथे पाऊल पडत नाही, तर त्याच्या टोकाला ४ मिमीचं भोक पाडलं की तो पुढे सरकत नाही. वरून आता एचडीपीईची शीट येणार असेल तर असा ट्रे काही काळ पाणी अडवायला चालून जाईल. पण मधोमध फाटलेला नाही.

पिल्लासाठी वेगळा विचार. मॅस्टिफचं पिल्लू महिन्या-महिन्याला बदलतं आणि दोन वर्षांचं होईपर्यंत भरत राहतं, त्यामुळे क्रेट पूर्ण वाढीच्या मापाचा घेणार असाल तर खालचे दोन्ही आधार पहिल्याच दिवशी पूर्ण वजनाचे करून टाका. मधला दुभाजक (पिल्लू लहान असेपर्यंत क्रेटमधली जागा कमी करणारी जाळी) लावाल तेव्हा त्याची खालची तार ट्रेवर टेकून सरकणार नाही हे बघा. रोजच्या घासण्याने ट्रेवर सरळ खाच पडते आणि पुढे तडा त्याच रेषेत जातो. दुभाजकाच्या तारेवर उभी चिरलेली रबरी नळी चढवा, पण पिल्लाचा दात पोहोचेल अशी मोकळी टोकं सोडू नका.

शी-शूची सवय लागेपर्यंत काठवाला ट्रेच हवा, काठ किमान २५ मिमी. या काळात वर एचडीपीई शीट घालू नका, कारण लघवी तिच्याखाली जाते आणि दिवसातून अनेकदा दोन्ही काढून धुवावं लागतं. पिल्लाचं वजन तेव्हा कमी असतं, नुसता ट्रे पुरतो. साधारण साडेतीन ते सात महिन्यांच्या दरम्यान दात बदलतात. त्या दिवसांत ट्रेचा काठ कुरतडलेला दिसला तर लगेच धातूचा ट्रे लावा. प्लॅस्टिकचे तुकडे गिळले तर आतडं अडू शकतं, आणि उलट्या, खाणं सोडणं, शी न होणं यांपैकी काही दिसलं तर वाट न पाहता दवाखाना गाठावा लागतो. दात येऊन गेले, काठ महिनाभर शाबूत राहिला, की मग थोरल्यासारखी शीट कापून घाला.